कळलावी लावा, पण पोटात घेऊ नका

पाऊस स्थिरावला की कुंपणातून, करवंदीच्या जाळ्यांतून, डोंगरउतारावरच्या झुडपांतून एक नाजूक वेल डोकं वर काढते. तिला इतर वेलींसारखे वेगळे ताणे नसतात. पानाचं टोकच लांबत जातं, त्याची बारीक आकडी होते आणि ती शेजारच्या काटकीला विळखा घालते. फूल नसतानाही ही वेल ओळखायची ती या आकडीवरून.

फूल आल्यावर मात्र ओळख सांगावी लागत नाही. कळी हिरवी आणि खाली मान घातलेली असते. उमलताना तिच्या सहाही पाकळ्या मागे वळतात आणि उभ्या होतात, कडा नागमोडी होतात. सुरुवातीला बुडाशी हिरवट पिवळा आणि टोकाला लाल असा रंग असतो. मग दिवसागणिक लाल रंग खाली उतरत जातो आणि शेवटी सगळं फूल गडद लाल होतं. एकाच वेलीवर पिवळी, नारिंगी आणि लाल फुलं दिसतात ती यामुळेच. सहा पुंकेसर बाहेरच्या बाजूला पसरलेले असतात. स्त्रीकेसराची दांडी तर बुडातूनच काटकोनात वळून एका बाजूला निघून जाते. या वळणाचा पुढे शेतीत मोठा संबंध येतो, म्हणून ते लक्षात ठेवा.

ही कळलावी. हिला खड्यानाग आणि अग्निशिखाही म्हणतात, आयुर्वेदात हिचं नाव लांगली आहे, शास्त्रीय नाव ग्लोरिओसा सुपर्बा. आफ्रिका आणि आशियाच्या उष्ण भागांत ती आपसूक वाढते. तामिळनाडूचं राज्यफूल हेच आणि झिंबाब्वेचं राष्ट्रीय फूलही हेच. काही ठिकाणी हिच्या कंदालाही बचनाग म्हणतात, त्यामुळे घोटाळा होतो. खरा बचनाग हिमालयातला, त्याचं विष वेगळं आणि त्याचा घाला मुख्यतः हृदयावर. दोन्ही घातकच, पण डॉक्टरांना नेमकं काय खाल्लंय ते कळायला हवं.

कळलावीबद्दल माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. ही वेल लावावी, वाढवावी, जमल्यास तिची शेतीही करावी. मात्र घरच्या घरी औषध म्हणून तिचा कुठलाही भाग वापरू नये, थोडासाही नाही. ही भीती अंधश्रद्धेतून आलेली नाही. तिच्यामागे स्वच्छ कारण आहे आणि ते समजलं की नियम पाठ करावे लागत नाहीत.

कंदात नेमकं काय असतं

कळलावीच्या सर्व भागांत कोल्चिसीन नावाचं द्रव्य असतं. पेल्टिए आणि कॅव्हेंतू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी ते १८२० मध्ये पहिल्यांदा वेगळं केलं, पण कळलावीतून नव्हे, तर युरोपात वाढणाऱ्या कोल्चिकम नावाच्या तिच्या नातलग वनस्पतीतून. त्या वनस्पतीचा कंद सांध्यांच्या दुखण्यावर देण्याची रीत तर त्याच्याही कितीतरी आधीची. सहाव्या शतकातला वैद्य अलेक्झांडर ऑफ ट्रॅलेस तो वातरक्तावर, म्हणजे आज आपण ज्याला गाऊट म्हणतो त्यावर, देत असे.

कोल्चिसीन काम कसं करतं ते नीट पाहू, कारण सगळी मेख तिथे आहे.

आपल्या प्रत्येक पेशीत ट्युब्युलिन या प्रथिनाच्या अतिसूक्ष्म नळ्या असतात. त्या कायमच्या नसतात. इमारतीभोवती बांधलेल्या परांचीप्रमाणे त्या लागतील तिथे उभ्या राहतात आणि काम झालं की सुटतात. पेशीची वाढ होऊन तिच्या दोन पेशी होतात, तेव्हा गुणसूत्रं दोन बाजूंना ओढून नेण्याचं काम या नळ्यांचं. रक्तातल्या पांढऱ्या पेशींना सूज आलेल्या जागेकडे सरकत जायचं असेल तरी याच नळ्या लागतात. कोल्चिसीनचा रेणू ट्युब्युलिनच्या सुट्या तुकड्याला घट्ट चिकटतो. असा तुकडा नळीच्या टोकाला जाऊन बसला की पुढचे तुकडे त्यावर नीट बसत नाहीत आणि नळीची वाढ खुंटते.

आता गाऊट घ्या. रक्तातलं यूरिक ॲसिड वाढलं की त्याचे टोकदार स्फटिक सांध्यात साचतात, बहुधा पायाच्या अंगठ्याच्या सांध्यात. पांढऱ्या पेशी त्यांच्यावर तुटून पडतात आणि त्या धुमश्चक्रीत सांधा लालबुंद होतो, पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नाही. कोल्चिसीन पोटात गेलं की या पेशींच्या हालचालीच मंदावतात आणि दाह उतरतो. यूरिक ॲसिड मात्र त्याने कमी होत नाही, त्यासाठी औषधं वेगळी. हेच तत्त्व हृदयाच्या आवरणाला येणाऱ्या सुजेवरही वापरतात. २०२३ मध्ये तर अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी रोज अर्धा मिलिग्रॅम कोल्चिसीन हृदयविकाराचा धोका कमी करण्यासाठी मान्य केलं.

अर्धा मिलिग्रॅम हा आकडा मनात असू द्या.

गाऊटचा झटका आला की पूर्वी तासातासाला गोळ्या देत राहायची पद्धत होती. जुलाब सुरू झाले की डोस पुरा झाला असं समजत. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सहा तासांत ४.८ मिलिग्रॅम आणि एका तासात १.८ मिलिग्रॅम अशा दोन मात्रांची तुलना केली. वेदना दोन्हींनी सारख्याच कमी झाल्या, जुलाब मात्र जास्त मात्रेत फार जास्त. तेव्हापासून कमी मात्रेचीच शिफारस होते. दीड-दोन मिलिग्रॅमच्या पलीकडे गेल्यावर औषधाचा गुण वाढत नाही, त्रासच वाढतो, इतकी ही वाट अरुंद आहे.

आता कंदाकडे वळू. वाळलेल्या कंदात साधारण पाव टक्का कोल्चिसीन असतं, बियांत त्याहून जास्त. पण हे प्रमाण जमीन, हंगाम आणि कंदाचं वय यांप्रमाणे खूप बदलतं. पाव टक्का धरला तर चहाच्या एका चमच्यात मावणाऱ्या तीन-चार ग्रॅम भुकटीत साडेसात ते दहा मिलिग्रॅम कोल्चिसीन आलं, म्हणजे अर्ध्या मिलिग्रॅमच्या पंधरा ते वीस गोळ्या एका दमात. सात मिलिग्रॅमच्या आसपासच्या मात्रेनेही माणसं दगावल्याच्या नोंदी आहेत. “चिमूटभरच घ्यायचं” हा सल्ला म्हणूनच कामाचा नाही. तुमच्या हातातल्या चिमटीत किती द्रव्य आहे ते ना देणाऱ्याला माहीत, ना घेणाऱ्याला. दोन कंद शेजारी शेजारी उगवलेले असले तरी त्यांचा हिशोब सारखा निघेलच असं नाही.

कंद शिजवून खाल्ल्यानेही विषबाधा होते, कारण कोल्चिसीन उकळल्याने नाहीसं होत नाही. रानातले कंद भाजून किंवा उकडून खाणाऱ्यांना कणगर, करांदे किंवा रताळी समजून हा कंद मिळाला आणि जिवावर बेतलं, असं घडलेलं आहे.

विषबाधा झाली तर

नळ्यांची गोष्ट लक्षात असेल तर विषबाधेचा क्रम आपोआप उलगडतो. ज्या पेशी सर्वांत झपाट्याने विभागतात त्यांना पहिला फटका. आतड्याचं अस्तर सतत नवं होत असतं, म्हणून आधी घशात आग, उलट्या, पोटात मुरडा आणि पाण्यासारखे, कधी रक्त पडणारे जुलाब. दोन-तीन दिवसांनी अस्थिमज्जेतलं रक्तपेशी बनवण्याचं काम ढासळतं, रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग होऊ शकतो, मूत्रपिंड, यकृत आणि हृदय अडचणीत येतात. यातून जो वाचतो त्याचे केस पुढच्या एक-दोन आठवड्यांत झडायला लागतात, कारण केसांच्या मुळांतल्या पेशीही अशाच झपाट्याने वाढणाऱ्या. ते केस नंतर परत येतात.

यातली सर्वांत फसवी वेळ पहिली. खाल्ल्यापासून त्रास सुरू होईपर्यंत बहुतेकदा दोन ते बारा तास जातात, कधी त्याहूनही जास्त. “खाल्लं खरं, पण काही झालं नाही” असं म्हणत घरात थांबण्यात हेच मोलाचे तास निघून जातात. शिवाय उलट्या-जुलाब ओसरले की बरं वाटायला लागतं आणि खरी पडझड त्यानंतर होते. रोजच्या वापरातला उतारा यावर नाही. डायलिसिसनेही कोल्चिसीन रक्तातून काढता येत नाही, कारण तोवर ते पेशींच्या आत जाऊन बसलेलं असतं. म्हणून लक्षणांची वाट न पाहता, घरी मीठपाणी पाजून ओकारी काढायच्या फंदात न पडता, सरळ मोठ्या रुग्णालयात जायचं आणि जाताना उरलेला कंद किंवा वेलीचा तुकडा पिशवीत घालून न्यायचा. लवकर पोहोचलं तर पोटातलं विष शोषून घेणारा कोळसा देता येतो, त्यानंतर सलाईन आणि एकेक अवयव सांभाळत दिवस काढायचे असतात.

मग जुन्या वैद्यकाचं काय

आयुर्वेदाने लांगलीला उपविषांत टाकलंय, हे विसरून चालणार नाही. म्हणजे वापरणाऱ्यांनाही ती विषारी आहे हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून कंदाचे तुकडे गोमूत्रात भिजवून ठेवण्याचा शोधनविधी सांगितला. शोधनाने कोल्चिसीन कमी होतं, पण संपत नाही. मात्रा ठरवणं हे शिकलेल्या वैद्याचं काम, आणि तेही त्याने शुद्ध केलेल्या, तपासलेल्या औषधाचं.

प्रसूती अडली की कंद उगाळून तळपायाला किंवा बेंबीभोवती लेप लावायची चाल जुनी आहे. आडगावी दुसरी कुठलीही सोय नव्हती त्या काळातला हा उपाय होता आणि तेव्हाच्या सुईणींकडे दुसरं काय होतं, हेही खरं. पण आज बाळंतीण अडली असेल तर तिला शस्त्रक्रियेची सोय असलेल्या ठिकाणी नेणं एवढंच करायचं, लेपात एक मिनिटही घालवायचं नाही. गर्भ पाडण्यासाठी हा कंद पोटात घेण्याचे किंवा अंगात ठेवण्याचे प्रकार झाले आहेत आणि त्यात बायकांचे जीव गेले आहेत. सर्पदंशावर कंद उगाळून लावणं हीसुद्धा अशीच वेळ दवडणं. सापाच्या विषावर प्रतिविषाचं इंजेक्शनच लागतं.

डॉक्टरांनी लिहून दिलेली कोल्चिसीनची गोळी ही वेगळी गोष्ट. तिच्यात किती द्रव्य आहे ते मोजलेलं असतं. तरीही मूत्रपिंड कमजोर असेल किंवा क्लॅरिथ्रोमायसीन, व्हेरापामिल यांसारखी औषधं चालू असतील तर कोल्चिसीन शरीरात साचत जातं, म्हणून चालू असलेलं प्रत्येक औषध डॉक्टरांना सांगावं. मान-कंबर आखडल्यावर मिळणाऱ्या थायोकोल्चिकोसाइडच्या गोळीचं मूळही कळलावीच्या बियांत आहे. त्यांतल्या कोल्चिकोसाइडपासून ती तयार होते. तिच्यामुळे पेशी विभागताना गुणसूत्रांची वाटणी चुकू शकते, असं दिसल्यावर युरोपच्या औषध संस्थेने २०१३ मध्ये तिच्यावर बंधनं घातली: गोळी सात दिवसांच्या वर नाही, सोळा वर्षांखालच्यांना नाही, गरोदरपणात अजिबात नाही. उरलेली गोळी घरातल्या दुसऱ्या कुणाच्या कंबरदुखीला देऊन टाकणं किती वाईट, ते यावरून कळेल.

गुणसूत्रांची ही वाटणी अडवण्याचा गुण शेतीशास्त्रानेही वापरून घेतला. १९३७ मध्ये ब्लेक्सली आणि एव्हरी यांनी कोल्चिसीनने वनस्पतींमधली गुणसूत्रं दुप्पट करून दाखवली. नळ्या बनल्या नाहीत तर गुणसूत्रं दुप्पट होतात, पण पेशी मात्र एकच राहते. बिनबियांचं कलिंगड याच वाटेने आलं. वनस्पतींच्या ट्युब्युलिनला कोल्चिसीन फार सैल चिकटतं, म्हणून या कामाला ते बरंच जास्त लागतं. स्वतः कळलावीला आपलं विष का बाधत नाही, याचं उत्तरही बहुतांशी त्यातच आहे.

लावायची कशी

घरात रांगती मुलं असतील, किंवा कुत्रं, शेळ्या दारात मोकळ्या फिरत असतील, तर लावू नका. बाकीच्यांना ही वेल फार कष्ट देत नाही.

बियांपासून रोप होतं, पण बी रुजायला वेळ घेतं आणि फुलासाठी तीन-चार वर्षं थांबावं लागतं. कंद लावला तर त्याच पावसाळ्यात फूल. कंद दोन फाट्यांचा, व्ही अक्षरासारखा असतो आणि प्रत्येक फाट्याच्या टोकाला सहसा एकच डोळा असतो. बटाट्याला जागोजाग डोळे असतात, तसं इथे नाही. ते टोक मोडलं की तो फाटा फुकट गेला. खणताना, पिशवीत भरताना, मातीत ठेवताना सगळी काळजी घ्यायची ती या टोकाची. पन्नास-साठ ग्रॅमचा कंद लावायला उत्तम. लहान कंद उगवतो, पण पहिल्या वर्षी फुलं देईलच असं नाही.

पहिल्या पावसाच्या सुमारास कंद आडवा ठेवून वर दोन-तीन इंच माती येईल असा लावा. माती निचऱ्याची हवी, लाल पोयटा किंवा वाळूमिश्रित. पाणी साचलं की कंद कुजतो, आणि कळलावी मरते ती बहुतेक वेळा याच कारणाने. कुंडी असेल तर फूटभर तरी खोल घ्या आणि तळाची भोकं मोकळी ठेवा. आधार बारीक द्या: काटक्या, सुतळी, तार. जाड बांबूला पानाच्या आकडीचा विळखा बसत नाही, वेल घसरून खाली येते आणि शेंडा मोडतो. ऊन भरपूर लागतं. फुलं-शेंगा झाल्या की पानं पिवळी पडतात आणि वेल वाळते. ती मेलेली नसते. पाणी बंद करा आणि कंद उन्हाळाभर कोरडा निजू द्या. दरवर्षी जुना कंद सुरकुतून संपतो आणि त्याच्या जागी नवा तयार होतो, तोच पुढच्या पावसात फुटतो.

पानांवर काळ्या अंगावर लाल-पिवळे ठिपके असलेल्या अळ्या दिसतील. ही कळलावीवरची नेहमीची अळी. तिला हे विष बाधत नाही आणि ती दोन-तीन दिवसांत वेल बोडकी करू शकते. कुंडीतल्या वेलीवर असेल तर हातमोजे घालून वेचून काढणं पुरेसं. कंद हाताळतानाही हातमोजे घालावेत, रस कातडीला झोंबतो.

शेतीचं गणित वेगळं आहे. तामिळनाडूत मूलनूर, धारापुरम, ओट्टनछत्रम, वेदारण्यम या भागांत कळलावीची शेती होते आणि तिथलं पीक म्हणजे बी, कंद नव्हे. बी औषध कारखान्यांकडे जातं. तारा किंवा काटक्या उभारून त्यावर वेली चढवतात. इथे स्त्रीकेसराचं ते काटकोनातलं वळण आडवं येतं. परागकण एका बाजूला आणि ते झेलणारं टोक दुसऱ्या बाजूला, त्यामुळे फुलपाखरांवर आणि माश्यांवर सोडलं तर शेंगा कमी धरतात. म्हणून फुलोऱ्याच्या दिवसांत मजूर सकाळी शेतात उतरतात आणि एकेका फुलाचे पराग त्या वाकड्या टोकाला लावत जातात. हजारो फुलं, प्रत्येकाला हाताचा स्पर्श. लागवडीपासून साडेपाच-सहा महिन्यांत शेंगा तयार होतात, त्या वाळवून आतलं नारिंगी लाल बी काढतात. या कामात उडणारी धूळसुद्धा विषारीच, तोंडाला फडकं बांधणं पुरेसं नाही, चांगला मास्क आणि हातमोजे हवेत. भाव दरवर्षी हेलकावे खातो, मंडप आणि बेणं यांचा खर्च पहिल्याच वर्षी अंगावर येतो. कुणी “एकरी लाखो” असं सांगत बेणं विकत असेल, तर तो पुढे बीसुद्धा विकत घेणार का, हे लेखी विचारा. खरेदीदार पक्का नसेल तर हे पीक मी कुणालाही सुचवणार नाही. न विकलेलं ज्वारीचं पोतं निदान घरात खाता तरी येतं.

रानातली कळलावी

ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्यांवर हीच वेल इतकी माजली आहे की तिला तण म्हणून उपटतात. आपल्याकडे उलट परिस्थिती आहे. पूर्वी जिथे हमखास दिसायची अशा कित्येक जागांवरून ती कमी झाली, कारण कंद खणून नेले जातात. जमिनीखालचा कंद शोधायचा तर वर वेल दिसायला हवी, म्हणजे खणणारा येतो तो फुलांच्या किंवा कच्च्या शेंगांच्या दिवसांत. त्या वेळी जुना कंद संपत आलेला असतो, नवा पुरता भरलेला नसतो आणि बी पडायचं राहिलेलं असतं. एका खणण्यात दोन्ही पिढ्या जातात. वेल वाळल्यावर कंद काढला असता तर निदान बी तरी मागे राहिलं असतं, पण वाळलेली वेल कुणाला सापडत नाही.

त्यामुळे कंद रानातून आणू नका आणि रानातून आणून विकणाऱ्याकडूनही घेऊ नका. औषधी वनस्पतींच्या रोपवाटिकेत किंवा कळलावी लावणाऱ्या शेतकऱ्याकडे शेतातला कंद मिळतो. तो एकसारख्या आकाराचा, टोक शाबूत असलेला आणि खणण्याच्या जखमा नसलेला असावा. पावसाळ्यापर्यंत ठेवायचा असेल तर कोरड्या वाळूत, सावलीत, डब्याला “विष” अशी ठळक चिठ्ठी लावून, आणि आलं, हळद, सुरण जिथे ठेवता त्या खोलीच्या बाहेर.